शर्यत मध्यरात्री का सुटते?

शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? फक्कीने आखलेले मैदान, शिट्टी, दुतर्फा ओरडणारी मुले आणि डोक्यावर लख्ख ऊन. पण मित्रांनो, जगात अशीही एक शर्यत आहे, की जी रात्री दहाच्या सुमारास सुटू लागते आणि पहाटे तीनपर्यंत टप्प्याटप्प्याने सुटतच राहते. धावायचे असते ते बर्फाच्या डोंगरांवरून. भाग घेणारे एकेकटे नसतात, तिघातिघांच्या तुकड्या असतात. पायांत बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, कपाळाला दिवा, पाठीवर पिशवी, आणि हिमनदीवर पाऊल पडले की तिघांच्या कमरांना जोडणारा एकच दोर!

आणखी एक गंमत पहा. या शर्यतीत सर्वांत हळू जाणाऱ्या तुकड्यांना सर्वांत आधी सोडतात आणि सर्वांत वेगवान तुकड्यांना सर्वांत शेवटी.

रात्रीचा अंधार, कडाक्याची थंडी, आणि त्यात हा उफराटा क्रम! असे का बरे? या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या लहरीत नाही, ते पदार्थविज्ञानात आहे. चला तर, ते शोधून काढू. जवळ कागद-पेन्सिल घेऊन बसा. थोडी आकडेमोड करावी लागेल, पण ती तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकापलीकडची नाही.

शर्यतीचा जन्म

ही शर्यत स्वित्झर्लंडमधील. तिचे फ्रेंच नाव ‘पात्रुई दे ग्लासिए’, म्हणजे हिमनद्यांवरची गस्त. दुसरे महायुद्ध चालू असताना स्वित्झर्लंड तटस्थ होता, पण देशाच्या डोंगराळ सरहद्दीवर सैन्य सज्ज ठेवावे लागे. आपले जवान उंच पर्वतांत किती लांब आणि किती झपाट्याने जाऊ शकतात हे अजमावण्यासाठी डोंगरी ब्रिगेडमधील रोजे बाँव्हाँ आणि रोदोल्फ तिसिएर या दोन कप्तानांनी एक कल्पना काढली. झेरमाट गावापासून व्हर्बिए गावापर्यंतची डोंगरवाट चालायला साधारणपणे चार दिवस लागत. तीच वाट तिघांच्या तुकडीने एका दमात पार करायची! (यांपैकी बाँव्हाँ पुढे स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्षही झाले.)

पहिली शर्यत एप्रिल १९४३ मध्ये झाली. १८ तुकड्या निघाल्या. ठरलेल्या वेळेत पोचल्या फक्त दोन. १९४९ साली मात्र घात झाला. माँ मिने नावाच्या हिमनदीवर एका तुकडीतील तिघेही बर्फातील खोल भेगेत पडून मरण पावले. त्यांचे देह सापडायला आठवडाभर लागला. सरकारने शर्यतच बंद केली. ती बंदी थोडीथोडकी नव्हे, पस्तीस वर्षे टिकली. १९८४ साली शर्यत पुन्हा सुरू झाली. आजही ती एक वर्षाआड भरते, स्विस सैन्यच ती भरवते आणि सैनिकांबरोबर साधे नागरिकही, पुरुष तसेच स्त्रिया, हजारोंच्या संख्येने तिच्यात उतरतात.

म्हणजे ध्यानात घ्या, या शर्यतीचे नियम नुसते खेळाचे नियम नाहीत. तीन माणसांच्या मृत्यूची आठवण त्यांच्यामागे उभी आहे. प्रत्येक नियमात निसर्गाचा एकेक नियम दडलेला आहे.

वाट कशी आहे?

झेरमाट गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर ही शर्यत नुसती सुरू होते! तेथून हिमनदीच्या कडेने चढत चढत ३६५० मीटर उंचीच्या तेत ब्लांशवर जायचे. हा साऱ्या वाटेतला सर्वांत उंच बिंदू. तेथून बेर्तोलची खिंड ओलांडून सुमारे २००० मीटर उंचीवरील आरोला गावाकडे उतरायचे. पुन्हा चढ. रीडमाटेनची खिंड २९१९ मीटरवर. पलीकडे एक लांबलचक जलाशय आहे. २८५ मीटर उंचीच्या प्रसिद्ध ग्रांद दिक्साँस धरणाने अडवलेले पाणी ते हेच. त्याच्या काठाने जाऊन रोझाब्लांश पर्वताचा चढ. येथे स्की पाठीला बांधून बर्फात खोदलेल्या पायऱ्या पायीच चढाव्या लागतात. मग आणखी एक खिंड, आणि शेवटी १५०० मीटरवरील व्हर्बिए गावापर्यंत उतार.

अंतर पन्नास किलोमीटरांहून अधिक आणि सगळे चढ मिळवले तर ४००० मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची जी उंची आहे, तिच्या जवळजवळ अडीचपट! वर हवा विरळ. तेत ब्लांशवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ६४ टक्केच असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी.

रात्र बर्फ बांधते

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एवढी अवघड वाट रात्री का चालायची?

शर्यत एप्रिलमध्ये असते. तेव्हा तेथे वसंत ऋतू असतो. दिवसा ऊन तापते आणि बर्फाचा वरचा थर वितळू लागतो. बर्फाच्या कणाकणांमध्ये पाणी शिरते. कोरड्या वाळूचा आणि ओल्या वाळूचा फरक तुम्हांला ठाऊक आहे. थोडे पाणी असेल तर वाळूचा किल्ला बनतो, पण पाणी फार झाले की तोच किल्ला पसरतो. ओल्या बर्फाचेही तसेच. पाणी वाढले की कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि डोंगराच्या उतारावरून बर्फाचा अख्खा थर खाली घसरत येतो. हेच हिमस्खलन.

रात्री काय घडते? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकत असते. बर्फ पांढरा असतो, म्हणजे दृश्य प्रकाश तो परतवून लावतो. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रारणाच्या बाबतीत हाच बर्फ जवळजवळ काजळीसारखा ‘काळा’ असतो! जो पदार्थ एखादे प्रारण चांगले शोषतो, तो ते चांगले बाहेरही टाकतो. शून्य अंश सेल्सिअसचा बर्फ दर चौरस मीटरमागे सुमारे ३१५ वॅट या दराने उष्णता आकाशाकडे फेकत असतो. निरभ्र आकाश त्यांतील बरीच परत करते, पण सगळी नाही. निव्वळ तोटा आपण ९० वॅट धरू.

आता हिशेब मांडा. रात्रीचे आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. त्यांना ९० ने गुणले की सुमारे २६ लाख ज्यूल होतात. एक किलोग्रॅम पाणी गोठताना ३ लाख ३४ हजार ज्यूल गुप्त उष्णता बाहेर पडावी लागते. भागाकार करा. उत्तर आले पावणेआठ किलोग्रॅम. म्हणजे एका निरभ्र रात्री प्रत्येक चौरस मीटरवरील बर्फात मुरलेले सात-आठ किलो पाणी गोठून जाऊ शकते. हे गोठलेले पाणी कणाकणांना सिमेंटसारखे सांधते. काल दुपारी ज्या बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता, त्याच्यावर आज पहाटे टणक पापुद्रा तयार झालेला असतो. भेगांवर साचलेले बर्फाचे पूलही रात्रीच सर्वांत मजबूत असतात.

आणि दिवस उगवला की? समजा, जुन्या ओलसर बर्फाने उन्हातली दर चौरस मीटरमागे ३५० वॅट उष्णता शोषली आणि ९० वॅट बाहेर टाकली. शिल्लक २६०. तासाभरात पावणेतीन किलोहून अधिक बर्फ वितळेल. म्हणजे रात्रीने आठ तास खपून जे बांधले, ते भर उन्हात तीन तासांत मोडले! म्हणून ही वाट चालायची ती रात्रीच. अंधार दिसायला भीतिदायक खरा, पण येथे तोच रखवालदार आहे.

मग ढगाळ रात्र असेल तर? ढग अंगावर घातलेल्या गोधडीसारखे काम करतात. बर्फाने टाकलेली उष्णता ते जवळजवळ तेवढीच परत पाठवतात. बर्फ नीट गोठत नाही. आपल्याकडेही ढगाळ रात्री उबदार आणि निरभ्र रात्री गार असतात, त्याचे कारण हेच. त्यामुळे शर्यतीचे संचालक केवळ पाऊस-वारा पाहत नाहीत. रात्री आकाश मोकळे राहील की नाही, हेही पाहतात. आणि लक्षण ठीक नसेल तर शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्दही करतात.

हळू जाणारे आधी का?

आता दुसरे कोडे सुटायला वेळ लागणार नाही. समजा, एका तुकडीला पूर्ण वाटेसाठी १४ तास लागतात आणि दुसरीला ७ तास. अर्ध्या वाटेवर एक धोक्याचा उतार आहे असे माना. सोयीसाठी दोघींनाही तेथवर पोचायला एकूण वेळेच्या निम्मा वेळ लागतो असे धरू. हळू तुकडी रात्री १० ला निघाली तर पहाटे ५ ला तेथे पोचेल. वेगवान तुकडी पहाटे ३ ला निघाली तरी सकाळी साडेसहाला पोचेल. दोघीही ऊन चढण्यापूर्वी पार!

आता क्रम उलटा करून पहा. वेगवान तुकडी १० ला निघून रात्री दीडलाच पुढे जाईल. तिचे काही बिघडणार नाही. पण हळू तुकडी ३ ला निघाली तर त्या उतारावर सकाळी १० ला येईल. तेव्हा सूर्य वर आलेला, बर्फ ओला झालेला. शर्यतीतील सर्वांत दुबळी माणसे सर्वांत धोक्याच्या वेळी सर्वांत धोक्याच्या जागी!

म्हणजे वेळ हीसुद्धा वाटून देण्याची वस्तू आहे, आणि ज्याला तिची गरज जास्त, त्याला ती आधी दिली जाते. वाटेतील ठाण्यांवर ठरलेल्या वेळेत न पोचणाऱ्या तुकडीला पुढे जाऊ देत नाहीत. ही शिक्षा नव्हे. घड्याळाकडे पाहून केलेला उन्हाचा हिशेब आहे तो.

दोर ताठ ठेवा, पण…

हिमनदी म्हणजे बर्फाची संथ वाहणारी नदीच. ती वळणावर, उतारावर ताणली जाते आणि तिला भेगा पडतात. काही भेगा कित्येक मीटर खोल असतात आणि वरून नव्या बर्फाने झाकलेल्या असतात. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून हिमनदीवर तिघांनी एका दोराला बांधून घ्यायचे.

एकजण भेगेत पडला तर उरलेल्या दोघांना किती जोराचा हिसका बसेल? समजा, पडणाऱ्याचे वस्तुमान ७५ किलोग्रॅम आहे. वजन झाले ७३५ न्यूटन. दोर दोन मीटर सैल होता. म्हणजे तो आधी दोन मीटर मोकळा पडणार आणि मग दोर ताणला जाणार. दोर ताणल्यामुळे व वरचे दोघे थोडे फरफटल्यामुळे तो आणखी एक मीटर खाली जाऊन थांबला. एकूण तीन मीटर पडताना गमावलेली स्थितिज ऊर्जा ७३५ × ३, म्हणजे २२०५ ज्यूल. ही सगळी शेवटच्या एका मीटरमध्ये खर्ची पडली. म्हणून सरासरी बल २२०५ न्यूटन, म्हणजे त्याच्या वजनाच्या तिप्पट!

दोर अर्धा मीटरच सैल असता तर? एकूण पडणे दीड मीटर, सरासरी बल ११०३ न्यूटन. अगदी निम्मे. म्हणून पहिला धडा : चालताना दोर सैल पडू देऊ नका.

पण दोर तारेसारखा अजिबात न ताणणारा असता आणि दोन मीटर पडलेला माणूस केवळ दहा सेंटीमीटरमध्ये थांबला असता तर? गणित करा. बल येते पंधरा हजार न्यूटनांच्या वर! पडणाऱ्याची बरगडी तरी मोडेल, किंवा वरचे दोघे तरी आत ओढले जातील. म्हणून दुसरा धडा : दोर सैल नको, पण थोडा ताणणारा हवा. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता ना? नेमके तेच.

आणि तुकडी तिघांचीच का, याचेही एक कारण येथे दिसते. दोघेच असतील तर एकाचे वजन दुसऱ्याला ओढणार. गुळगुळीत बर्फावर घर्षण कमी, त्यामुळे एकट्याला तग धरणे कठीण. दोघे वर असतील तर हिसका वाटला जातो. शिवाय एकाने दोर धरून ठेवला की दुसऱ्याचे हात पडलेल्याला वर काढण्यासाठी मोकळे राहतात.

घसरणारी वस्तू चढते कशी?

स्की तर घसरण्यासाठी बनवलेली. मग ती चढावर मागे कशी घसरत नाही? पूर्वी तिच्या तळाला सील या प्राण्याच्या कातड्याची पट्टी बांधत. आता मोहेर लोकरीच्या किंवा नायलॉनच्या लवदार पट्ट्या चिकटवतात; पण नाव मात्र अजून ‘कातडे’च राहिले आहे. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा. गुळगुळीत. आता उलटा फिरवून पहा (मांजराची परवानगी असेल तर!). केस उभे राहतात आणि हात अडतो. पट्टीवरील केस मागच्या दिशेने लवलेले असतात. स्की पुढे सरकते, पण मागे जाऊ लागली की केस बर्फात रुततात. एकाच पृष्ठभागाला दोन दिशांना दोन वेगवेगळी घर्षणे! माथ्यावर पोचले की पट्टी ओढून काढायची, घडी करून अंगरख्यात घालायची, आणि उताराला लागायचे.

नऊ भाकरींचा चढ

माणूस आणि सामान मिळून ८० किलोग्रॅम धरू. ४००० मीटर चढायला लागणारे कार्य ८० × ९.८ × ४००० म्हणजे सुमारे ३१ लाख ज्यूल. किलोकॅलरीत मोजले तर ७५०. एवढेच? पण थांबा. आपले स्नायू म्हणजे काही आदर्श यंत्र नव्हे. अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा ते कार्यात बदलतात. म्हणून अन्न हवे ३००० किलोकॅलरींचे. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे ३४० किलोकॅलरी देते. म्हणजे नुसत्या चढासाठी नऊ भाकरी! सपाटीचे चालणे, घर्षण आणि शरीराचा रोजचा खर्च वेगळाच.

शरीरातील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दोन हजार किलोकॅलरींच्या आतच असतो. चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते. म्हणून वाटेत थोडे थोडे खात राहावे लागते. जो ‘भूक लागल्यावर खाऊ’ म्हणतो, त्याचे पाय मध्येच जड होतात.

आणि उरलेला तीन-चतुर्थांश भाग कोठे गेला? त्याची उष्णता झाली. बारा तासांत हा चढ केला तर ती सुमारे २२० वॅट या दराने निर्माण होते. त्यात शरीराची नेहमीची शंभरेक वॅट मिळवा. म्हणजे चालणारा माणूस शंभर वॅटच्या तीन दिव्यांइतका तापत असतो. त्यामुळे शून्याखाली दहा-पंधरा अंश असतानाही तो पातळ कपड्यांत घामाघूम होतो.

खरा धोका थांबल्यावर. थांबला की तीनातले दोन दिवे विझले! वर वारा, अंगात घामाने ओले कपडे. ओले कापड कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता वाहून नेते, आणि बाष्पीभवन आणखी ओढून घेते. काही मिनिटांत माणूस कुडकुडू लागतो. एकाच्या स्कीचा पट्टा तुटला तर तिघेही थांबतात आणि तिघेही गारठू लागतात. म्हणून अनुभवी तुकड्या सर्व हालचालींची आधी तालीम करतात : पट्ट्या काढणे, दोर बांधणे, अंगरखा चढवणे. अंधारात, हातमोज्यांसकट.

तिघांची बेरीज

तुकडीचा वेळ कोणाच्या पोचण्यावर मोजायचा? तिसरा पोचेल तेव्हा! पहिला कितीही आधी पोचला तरी उपयोग नाही. मग तुकडी सर्वांत दुबळ्याच्याच वेगाने जाणार काय? महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी हा प्रश्न घालतो, तेव्हा बहुतेक मुले ‘होय’ म्हणतात.

हिशेब करून पहा. समजा, तिघे चढासाठी अनुक्रमे १४०, १२० आणि १०० वॅट शक्ती लावू शकतात आणि प्रत्येकाचे सामानासह वस्तुमान ८० किलोग्रॅम, म्हणजे वजन ७८४ न्यूटन आहे. तिसरा सेकंदाला १०० ÷ ७८४ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ४६० मीटर चढेल. ४००० मीटरना त्याला ८ तास ४० मिनिटांच्या आसपास लागतील.

पण पहिल्याने तिसऱ्याच्या कमरेला रबरी दोरी बांधून त्याला थोडे ओढले तर? किंवा त्याच्या पिशवीतले ओझे आपल्या पिशवीत घेतले तर? तिघांची एकूण शक्ती ३६० वॅट. ती तिघांत सारखी वाटली तर प्रत्येकी १२० वॅट. वेग तासाला सुमारे ५५० मीटर आणि वेळ सव्वासात तास. जवळजवळ दीड तासाची बचत, आणि कोणीही आपल्या ताकदीबाहेर गेलेले नाही! चांगल्या तुकड्या खरोखरच अशी रबरी दोरी वापरतात. रबरी एवढ्यासाठी, की चालणे झटक्याझटक्याने होते. रबर झटक्यातली ऊर्जा साठवते आणि सावकाश परत देते.

१९४३ साली विजेत्यांना बारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला होता. २०१८ साली इटालियन तुकडीने हीच शर्यत पाच तास छत्तीस मिनिटांच्या आत पुरी केली. लाकडी जड स्की जाऊन हलक्या आल्या, सराव शास्त्रशुद्ध झाला, हे खरे. पण तिघांनी मिळून चालण्याचे गणित तेव्हाही तेच होते आणि आताही तेच आहे.

बर्फाखालची हाक

एवढे करूनही हिमस्खलन झालेच तर? प्रत्येक धावकाच्या अंगावर एक छोटे यंत्र बांधलेले असते. ते ४५७ किलोहर्ट्झ कंप्रतेचे संदेश सतत पाठवत असते. या लहरींची लांबी सुमारे ६५६ मीटर भरते आणि बर्फ त्यांना अडवत नाही. कोणी गाडला गेला की उरलेल्यांनी आपली यंत्रे ‘ऐकण्या’वर लावून शोध घ्यायचा.

या यंत्राजवळचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर निम्मे केले की संदेश आठपट! ४० मीटरवरून ५ मीटरवर आलात तर तो ५१२ पट होतो. त्यामुळे जवळ येत आहोत की दूर जात आहोत, हे पटकन कळते. आणि पटकन कळणे भागच असते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या माणसांपैकी बहुतेक जगतात. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. म्हणजे वाचवणारे कोण? दोराच्या दुसऱ्या टोकाचे तेच दोन सोबती.

करून पहा

१. शिवणाच्या दोऱ्याला एवढा दगड बांधा, की दोरा तो सावकाश सहज उचलू शकेल. आता दगड हातात धरून दोरा सैल ठेवा आणि दगड सोडा. दोरा बहुधा तुटेल. मग मध्ये एक रबर बँड बांधून तोच प्रयोग करा. काय फरक पडला? (पाय दूर ठेवा, खाली घडी केलेले पोते ठेवा.)

२. मखमलीचा तुकडा एका छोट्या फळीला लव खाली येईल असा चिकटवा. फळी खरखरीत पोत्यावरून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने स्प्रिंगच्या काट्याने ओढा. दोन्ही वेळची मापे लिहून ठेवा.

३. थंडीच्या दिवसांत एका निरभ्र रात्री दोन सारख्या ताटल्यांत पाणी घेऊन एक उघड्या गच्चीवर आणि एक तिथेच टेबलाखाली ठेवा. पहाटे दोन्हींतील पाण्याचे तापमान मोजा. ढगाळ रात्री हेच पुन्हा करा. टेबलाने काय केले ते तुमच्या लक्षात येईल.

आणि एक गणित तुमच्यासाठी. तुमच्या वर्गातील तिघांची तुकडी गडावर जाणार आहे. त्यांपैकी एकजण दमेकरी आहे. सामान बारा किलो आहे, आणि दुपारी बारानंतर ऊन सोसवणार नाही. निघायचे किती वाजता आणि कोणाच्या पाठीवर किती ओझे द्यायचे? उत्तर काढताना गडाची उंची लागेल, घड्याळ लागेल. पण हिशेब सुरू करा तो त्या दमेकरी मित्रापासून.